झेंड्याच्या भरवशावर: यांगत्से नदीतल्या ‘पनाय’ची गोष्ट

१२ डिसेंबर १९३७, रविवार. दुपारची जेवणं नुकतीच उरकली होती. चीनच्या यांगत्से नदीत, नानजिंग शहरापासून ४५ किलोमीटर वरच्या अंगाला अमेरिकन नौदलाची एक पांढरी बोट नांगर टाकून उभी होती. नाव ‘पनाय’. आजूबाजूला स्टँडर्ड ऑइल कंपनीची तीन तेलवाहू जहाजं. दीडच्या सुमाराला डोक्यावर जपानी विमानं आली, आणि चार वाजायच्या आत ‘पनाय’ नदीच्या तळाला गेली.

अमेरिका आणि जपान यांच्यात तेव्हा युद्ध नव्हतं. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याला अजून चार वर्षं होती. त्यामुळे ही गोष्ट सांगणारे सगळे लगेच एकाच प्रश्नाकडे वळतात: जपान्यांनी हे मुद्दाम केलं की चुकून? मला त्याच्या आधीचा एक साधा प्रश्न पडतो. ही बोट तिथे करत काय होती? ती जागा समुद्रापासून नदीच्या वाटेनं सुमारे चारशे किलोमीटर आत. एखाद्या परदेशाची लढाऊ बोट मुंबईच्या किनाऱ्यावर नव्हे, थेट सोलापूरला मुक्कामाला असावी, तसं हे झालं. आणि ती काही वाट चुकून आलेली नव्हती. अशा बोटी तिथे कित्येक दशकं कायमच्या असायच्या, रीतसर, कागदोपत्री हक्कानं.

तो कागद कुठून आला हे बघायला १८४२ मध्ये जावं लागतं, आणि तिथे सुरुवातीलाच आपली मुंबई भेटते. पहिल्या अफूयुद्धात इंग्रजांनी चीनला हरवलं. २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानजिंगचा तह झाला तो याच नदीत नांगरलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ या ७४ तोफांच्या युद्धनौकेवर. ही ‘कॉर्नवॉलिस’ मुंबईच्या गोदीत वाडियांच्या हाताखाली सागवानी लाकडात बांधलेली, १८१३ मध्ये पाण्यात सोडलेली. ज्या अफूवरून भांडण पेटलं तिच्यातली माळव्याची अफूही मुंबई बंदरातूनच जायची. दक्षिण मुंबईतल्या कितीतरी देखण्या इमारतींच्या पायात हा पैसा आहे. तो आपण फारसा उकरत नाही, ते असो.

त्या युद्धात ईस्ट इंडिया कंपनीची ‘नेमेसिस’ नावाची लोखंडी आगबोटही होती. मोठ्या युद्धनौकांना खोल पाणी लागायचं आणि वाऱ्याची वाट बघावी लागायची. ‘नेमेसिस’ उथळ पाण्यात शिरायची, वाऱ्याविरुद्ध जायची आणि मागच्या शिडाच्या जहाजांना ओढूनही न्यायची. समुद्रावरची सत्ता नदीच्या वाटेनं देशाच्या पोटात नेता येते, हे या बोटीनं दाखवून दिलं. नदीतल्या गनबोटींची, म्हणजे तोफा लावलेल्या लहान लढाऊ बोटींची, ती थोरली बहीण म्हणायला हरकत नाही.

नानजिंगच्या तहानं शांघायसह पाच बंदरं परदेशी व्यापाराला उघडली. पुढे १८५८ च्या त्येनचिनच्या तहानं खुद्द यांगत्से उघडली. त्यात एक कलम असं होतं की शत्रुत्वाचा हेतू नसेल, किंवा चाच्यांचा पाठलाग चालू असेल, तर ब्रिटिश युद्धनौका चीनच्या कोणत्याही बंदरात येऊ शकतील. वाचायला किती निरुपद्रवी वाटतं! पण हेतू काय आहे हे ठरवणार कोण? ज्याच्याकडे तोफ आहे तो.

ब्रिटिशांच्या तहातला हक्क अमेरिकेला कसा मिळाला? इथे कायद्यातली एक गंमत आहे. चीनशी केलेल्या तहांत बहुतेक देशांनी एक अट घालून ठेवली होती: तुम्ही दुसऱ्या कुणालाही जी सवलत द्याल ती आपोआप आम्हालाही मिळेल. सोसायटीत एका बिऱ्हाडाला गाडी लावायला जागा दिली की बाकीच्यांनीही त्याच ठरावावर जागा मागावी, तसलाच प्रकार. एकानं लढून मिळवायचं आणि सगळ्यांनी वाटून घ्यायचं. म्हणून ब्रिटिशांपाठोपाठ अमेरिकन, फ्रेंच, इटालियन आणि जपानी गनबोटीही यांगत्सेत फिरू लागल्या.

त्यातच परदेशी माणसावर चिनी कायदा चालायचा नाही. शांघायमध्ये एखाद्या अमेरिकनानं गुन्हा केला तर त्याचा खटला चिनी न्यायाधीशापुढे उभा राहत नसे, अमेरिकेच्याच न्यायालयात चाले. नदीकाठच्या शहरांत मग परदेशी पेढ्या आल्या, गोदामं आली, चर्च आणि मिशनरी शाळा आल्या, रॉकेलचे साठे आले. चीनमध्ये घरोघरी दिव्यात जळणारं अमेरिकन रॉकेल हा फार मोठा धंदा होता. बुडालेल्या बोटीशेजारी स्टँडर्ड ऑइलची जहाजं का होती, याचं उत्तर इथे आहे. धंदा नदीच्या कडेनं आत सरकत गेला आणि त्याच्या मागोमाग झेंडा लावलेली बोट गेली. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेनं या कामाला ‘यांगत्से पेट्रोल’ (म्हणजे यांगत्सेवरची गस्त) असं रीतसर रूप दिलं आणि त्यासाठी स्वतंत्र कमांडर नेमला.

आता प्रत्यक्ष बोट बघू. ‘पनाय’ची लांबी १९१ फूट, रुंदी २९ फूट, वजन ४७४ टन. युद्धनौकांच्या हिशेबात हे म्हणजे काहीच नाही, त्या काळातली साधी विनाशिकाही हिच्या दुप्पट-तिप्पट वजनाची असायची. पण तिच्याबद्दलचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे. ती पाण्याखाली जेमतेम सव्वापाच फूट बुडायची. म्हणजे मध्यम उंचीचा माणूस नाक वर ठेवून उभा राहील एवढ्या पाण्यात ही बोट तरंगायची.

हे लागायचं कारण यांगत्सेचा स्वभाव. उन्हाळ्यात हिमालयापलीकडच्या डोंगरांतलं बर्फ आणि पावसाचं पाणी एकदम येतं आणि नदी फुगते. हिवाळ्यात ती आटते. हॅन्काउला, म्हणजे आजच्या वुहानमध्ये, दोन ऋतूंतल्या पातळीत दहा मीटरहून जास्त फरक पडायचा. त्याच्या वर यीचांग ते चोंगचिंग या टप्प्यात नदी अरुंद घळींतून जाते आणि तिथे हा फरक कितीतरी वाढायचा. जुलैत जिथून जहाज बिनधोक गेलं, तिथे जानेवारीत खडक उघडे. नांगर टाकून उभं राहिलेलं जहाज पाणी ओसरल्यावर चिखलात बसलं तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिथेच. धार इतकी जोराची की चिनी पडाव वर न्यायला शेकडो माणसं काठावरून बांबूच्या दोरांनी ते ओढायची. आपल्या कोकणातल्या खाडीत भरती-ओहोटी बघून होडी हाकणारा तांडेल डोळ्यांपुढे आणा. फक्त त्याची ओहोटी सहा तासांनी फिरते, इथली सहा महिन्यांनी. म्हणून गनबोटीवर नौदलाचा कप्तान कितीही शिकलेला असला तरी वरच्या टप्प्यात वाट दाखवायला स्थानिक चिनी वाटाड्या लागायचाच.

तोफा? तीन इंची दोन, एक पुढे आणि एक मागे, शिवाय आठ मशीनगन. मशीनगनची मांडणी लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यांचा रोख मुख्यतः दोन्ही काठांकडे होता, कारण या बोटीचा रोजचा शत्रू काठावरच असायचा: झाडीतून गोळी झाडणारा दरोडेखोर, किंवा एखाद्या लष्करी सुभेदाराचे पगार थकलेले शिपाई. १९११ नंतर चीनची मध्यवर्ती सत्ता मोडली होती, प्रांतोप्रांती असे सुभेदार आपापल्या फौजा घेऊन बसले होते आणि नदीवरून जाणाऱ्या जहाजांकडून पैसे उकळणं किंवा जहाजच पळवणं हे नेहमीचं होतं. गनबोटीनं यायचं, दिसायचं, गरज पडली तर चार फैरी झाडायच्या आणि पुढे जायचं.

‘दिसायचं’ हाच यातला मुख्य शब्द. साठेक माणसांची ही बोट कुठल्याही खऱ्या फौजेशी लढू शकली नसती. तिच्यावर गोळी झाडली तर मागून मोठं आरमार येईल ही समोरच्याच्या मनातली भीती, हीच तिची ताकद. कधी ती भीती राखायला निर्घृणपणाही व्हायचा. सप्टेंबर १९२६ मध्ये अडवलेली जहाजं सोडवण्याच्या झटापटीत ब्रिटिश गनबोटींनी वानश्येन गावावर तोफा डागल्या आणि त्यात कितीतरी नागरिक मेले. काठावरच्या चिनी माणसाला पांढरी गनबोट बघून काय वाटत असेल, याची कल्पना त्यावरून यावी.

आणखी एक तपशील मला सोडवत नाही. ‘पनाय’ बांधली गेली शांघायच्या च्यांगनान गोदीत, १९२७ मध्ये. चिनी कारागिरांच्या हातची बोट, चिनी नदीवर पहारा द्यायला, अमेरिकेच्या झेंड्याखाली, आणि नाव फिलिपिन्समधल्या एका बेटाचं, जो देश अमेरिकेनं १८९८ मध्ये स्पेनकडून घेतला होता. तिच्याबरोबरच्या नव्या पाच बोटींची नावं अशीच: ग्वाम, टुटुइला, ओआहू, लुझॉन, मिंडानाओ. सगळी पॅसिफिकमधली, अमेरिकेच्या ताब्यातली बेटं. साम्राज्याचा नकाशाच जणू नदीत सोडलेला.

जुलै १९३७ मध्ये जपान-चीन युद्ध सुरू झालं आणि इथे सगळं गणित बदललं. आतापर्यंत गनबोटीसमोर असायचे विस्कळीत सुभेदार. आता समोर आलं आधुनिक विमानदळ असलेलं एक राष्ट्र, ज्याला नदीतल्या इतर पाहुण्यांची अडचणच होत होती. डिसेंबरात जपानी फौजा राजधानी नानजिंगच्या वेशीवर पोचल्या. ११ तारखेला ‘पनाय’नं शहरात उरलेले काही अमेरिकन आणि इतर परदेशी उचलले. त्यात वकिलातीतले अधिकारी होते, बातमीदार होते आणि न्यूजरीलचे, म्हणजे थिएटरात दाखवल्या जाणाऱ्या बातमीपटांचे, दोन कॅमेरामन. तोफगोळे जवळ पडू लागले तशी ती तेलवाहू जहाजांना घेऊन वर सरकत राहिली.

१२ तारखेच्या सकाळी एका जपानी लष्करी अधिकाऱ्यानं बोटीवर येऊन चौकशी केली. चिनी सैन्य कुठे आहे, हे त्याला हवं होतं. कप्तान जेम्स ह्यूजेस यांनी सांगायला नकार दिला. अमेरिका दोघांचीही मित्र आहे, एकाची बातमी दुसऱ्याला देणार नाही. म्हणजे ही बोट कुणाची आणि कुठे आहे, हे निदान काही जपान्यांना त्या दिवशी नक्की ठाऊक होतं.

बोटीच्या वरच्या कापडी छतांवर दोन अमेरिकन झेंडे आडवे पसरलेले होते, प्रत्येक १८ फूट बाय १४ फूट. आपल्याकडच्या कितीतरी फ्लॅटचा हॉल याहून लहान असतो. आकाशातून दिसावेत म्हणूनच ते होते. काठावरच्या माणसाला दिसण्यासाठी बांधलेल्या बोटीनं आता वरून बघणाऱ्यासाठीही आपलं नाव लिहून ठेवलं होतं.

पहिल्याच झटक्यात पुढची तोफ निकामी झाली, वायरलेस गेलं आणि ह्यूजेस जबर जखमी होऊन पडले. तीन बॉम्बफेकी विमानांनी साठ किलोचे अठरा बॉम्ब टाकले. त्यातले दोनच थेट लागले, पण पातळ पत्र्याच्या बोटीला आजूबाजूला फुटणारे बॉम्बही पुरे होते. मागून नऊ फायटर विमानं गोळ्या झाडत येत राहिली. आता ती मशीनगनची मांडणी आठवा. काठांवर मारा करायला बसवलेल्या बंदुका समोरून सूर मारत येणाऱ्या विमानावर धरता येत नव्हत्या. तरी लोकांनी त्या वळवता येतील तेवढ्या वळवल्या. अर्न्स्ट मालमान नावाचे जुने खलाशी खाली होते, ते तसेच पँट न घालता धावत वर आले आणि मशीनगनला भिडले. नौदलाच्या आठवणींत हा प्रसंग अजून हसून सांगितला जातो.

ह्यूजेस पडल्यावर सूत्रं आली लेफ्टनंट आर्थर अँडर्स यांच्याकडे. त्यांच्या गळ्यात बॉम्बची कपची घुसली होती आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. हातही जखमी. त्यांनी हुकूम पेन्सिलीनं लिहून दिले, बोट सोडायचा हुकूमसुद्धा तसाच. दोन लहान होड्यांनी खेपा घालून जखमींना काठावर नेलं, आणि त्या होड्यांवरही विमानांनी गोळ्या झाडल्या. वाचलेली माणसं डिसेंबरच्या थंडीत, चिखलात, डोक्याएवढ्या उंच लव्हाळ्यांत लपून राहिली. तीन वाजून चोपन्न मिनिटांनी बोट बुडाली.

बहुतेक नौदल अधिकारी जखमी. मग भूदलाचे कॅप्टन फ्रँक रॉबर्ट्स यांनी पुढाकार घेतला, कारण त्यांना चिनी भाषा येत होती. जवळच्या खेड्यांतल्या लोकांनी जखमींना उचलून नेलं, खाऊ घातलं, लपवलं. ज्यांच्या नदीवर ही बोट पहारा द्यायची त्यांनीच शेवटी तिच्या माणसांना वाचवलं. दोन दिवसांनी ‘ओआहू’ आणि दोन ब्रिटिश गनबोटी त्यांना न्यायला पोचल्या. त्यातल्या ‘लेडीबर्ड’वर त्याच १२ तारखेला नदीकाठच्या वूहू शहराजवळ जपानी तोफखान्यानं मारा केला होता.

‘पनाय’वरचे दोन खलाशी आणि इटालियन पत्रकार सांद्रो सांद्री असे तिघं गेले, तेलवाहू जहाजाचा एक कप्तान गेला, आणि ४० हून जास्त जखमी झाले. त्या तेलवाहू जहाजांवर चिनी खलाशी आणि आसऱ्याला आलेली माणसं होती, तीही मोठ्या संख्येनं मेली. पण घटनेची आठवण काढताना आकडा सांगतात तो तीनाचा, फार तर चाराचा. दुसऱ्या दिवशी, १३ डिसेंबरला, नानजिंग पडलं आणि तिथे कत्तल सुरू झाली. अमेरिकन वर्तमानपत्रांत पहिले काही दिवस मथळे मात्र बोटीचे होते.

टोकियोतले अमेरिकन राजदूत जोसेफ ग्रू यांना वाटलं होतं की आता युद्धच होणार. १८९८ मध्ये स्पेनच्या ताब्यातल्या क्यूबात, हवानाच्या बंदरात ‘मेन’ नावाची अमेरिकन युद्धनौका स्फोटात बुडाली तेव्हा स्पेनशी युद्ध पेटलंच होतं. पण या वेळी तसं झालं नाही. जपानचे परराष्ट्रमंत्री हिरोता स्वतः ग्रू यांच्याकडे गेले आणि माफी मागितली. जपानमधल्या सामान्य लोकांनी, शाळकरी मुलांनीसुद्धा, दुःख व्यक्त करणारी पत्रं आणि थोडे थोडे पैसे पाठवले. नाताळपर्यंत अमेरिकेनं माफी स्वीकारली. २२ एप्रिल १९३८ रोजी जपाननं भरपाई चुकती केली: २२,१४,००७ डॉलर आणि ३६ सेंट. ते ३६ सेंट मला नेहमी हसवतात. हिशेब कसा चोख!

बोटीवरच्या दोन कॅमेरामनपैकी नॉर्मन ॲली यांनी हल्ल्याचं चित्रण केलं होतं. विमानं किती खाली आली होती ते त्यात दिसत होतं, आणि ‘वरून झेंडा दिसला नाही’ हा जपान्यांचा युक्तिवाद त्यानं उघडा पडला असता. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सांगण्यावरून तेवढा, सुमारे ३० फुटांचा, भाग काढून मगच फिल्म थिएटरात दाखवली गेली. अमेरिकेला त्या क्षणी युद्ध नको होतं. लोकांनाही नको होतं. घटनेनंतर महिन्याभरातच, जानेवारी १९३८ मध्ये, युद्ध पुकारण्याआधी देशभर लोकमत घ्यावं अशी घटनादुरुस्ती चर्चेला घेण्याचा ठराव प्रतिनिधिगृहात आला आणि २०९ विरुद्ध १८८ मतांनी, म्हणजे अगदी थोडक्यात, पडला.

मग हल्ला मुद्दाम होता का? यावर इतिहासकार अजून भांडतात. वैमानिक नौदलाचे होते. चिनी सैनिक जहाजांतून वर पळतायत अशी खबर त्यांना भूदलाकडून मिळाली होती आणि त्यांच्यातल्या एकानं पुढे, आपली खरोखरच गफलत झाली, असं लिहिलं. दुसऱ्या बाजूला सकाळची ती चौकशी, ते प्रचंड झेंडे आणि होड्यांवरचा गोळीबार. मला स्वतःला वाटतं की विमानात बसलेल्यांना कदाचित खरंच ठाऊक नसेल, पण परदेशी बोट बुडाली तर बुडू दे ही वृत्ती वरपर्यंत मुरलेली होती. आणि तसं असेल तर झेंड्याची भीती त्या दुपारच्या आधीच संपली होती. बोट बुडाली ही फक्त त्याची नोंद.

दहा महिन्यांच्या आत याच नदीवर आपली माणसं होती. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून निघालेलं भारतीय वैद्यकीय पथक हॅन्काउला पोचलं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते. हॅन्काउ पडायच्या बेतात होतं, म्हणून त्यांना यीचांग आणि पुढे चोंगचिंगकडे सरकावं लागलं, पुढे सरकणाऱ्या त्याच जपानी फौजेमुळे.

‘पनाय’च्या बहिणींचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. ‘लुझॉन’, ‘ओआहू’ आणि ‘मिंडानाओ’ १९४१ च्या शेवटी चीन सोडून मनिलाला गेल्या आणि मे १९४२ पर्यंत तिथेच बुडाल्या. ‘टुटुइला’ चोंगचिंगला अडकली होती, ती अमेरिकेनं चीनलाच देऊन टाकली. आणि ‘ग्वाम’. हे नाव एका मोठ्या नव्या युद्धनौकेला हवं होतं, म्हणून तिचं नाव बदलून ‘वेक’ केलं होतं. डिसेंबर १९४१ मध्ये ती शांघायला होती. तिच्या कप्तानाला एका ओळखीच्या जपानी अधिकाऱ्यानं फोन करून विचारलं, अशी गोष्ट सांगतात, की उद्या सकाळी तुम्ही कुठे असाल, भेट म्हणून टर्की पक्षी पाठवायचे आहेत. दुसऱ्या दिवशी, ८ डिसेंबरच्या पहाटे, कप्तान घरी असतानाच जपान्यांनी बोटीवर चढून ती लढाई न होता ताब्यात घेतली. शेजारची ब्रिटिश ‘पेटरेल’ शरण आली नाही आणि बुडाली.

‘वेक’वर जपानी झेंडा चढला, नाव ‘तातारा’ झालं. युद्ध संपल्यावर ती परत अमेरिकेकडे आली, मग चिनी राष्ट्रवादी सरकारकडे गेली आणि १९४९ मध्ये कम्युनिस्टांनी ती घेतली. बांधली होती ती शांघायमध्येच, १९२७ साली, ‘पनाय’च्याच गोदीत.